माण तालुक्यातील सौरऊर्जा योजना आणि लोकशिक्षणाची गरज

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा परिसर माणदेश या नावाने ओळखला जातो. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस दहिवडी-म्हसवडपर्यंत येता येता रिता होतो. महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात असूनही महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. दुष्काळ, चारा छावण्या, टँकर आणि पोटासाठी मुंबईची वाट धरणारी कुटुंबे हा माणचा परिचय महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु ज्या निरभ्र आभाळाने पाणी नाकारले, त्याच आभाळाने या भूमीला ऊन मात्र मुबलक दिले आहे. आज या उन्हाला पैशाचे मोल आले आहे, आणि ते घराघरांत पोहोचावे म्हणून केंद्र व राज्य शासनाने अनेक योजना आखल्या आहेत.

योजना आखली म्हणजे ती पोहोचली असे होत नाही. ग्रामीण भागात सौरऊर्जेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते की शासन छतावर फुकट वीज बसवून देणार आहे. काहींना वाटते की हा सारा कंपन्यांचा व्यापार आहे. दोन्ही मते अपुऱ्या माहितीतून जन्मली आहेत, आणि दोहोंमुळे नुकसान होते ते सामान्य कुटुंबाचे. पहिला मनुष्य फसवणाऱ्याच्या हाती सापडतो, तर दुसरा हक्काच्या अनुदानाला मुकतो. म्हणूनच या योजना नेमक्या काय आहेत, त्या कशा चालतात आणि त्यांविषयीचे लोकशिक्षण कसे असावे, हे आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

एक नाव, तीन वेगळ्या योजना

'सोलरची योजना' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्या एका शब्दात निदान तीन स्वतंत्र योजना दडलेल्या आहेत. पहिली घराच्या छतासाठी, दुसरी शेतातील पंपासाठी आणि तिसरी संपूर्ण गावाच्या शेतीवाहिनीसाठी. प्रत्येकीचा अर्जदार वेगळा, अटी वेगळ्या आणि लाभही वेगळा. गोंधळाचे मूळ बहुधा येथेच असते.

घराच्या छतासाठी असलेली योजना म्हणजे 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना'. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली. देशातील एक कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतची मुदत आखून घेतली. अनुदानाचा हिशेब सोपा आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये. हे आकडे ठरविताना योजनेने पहिल्या दोन किलोवॅटची किंमत प्रत्येकी ५०,००० रुपये धरली व त्याच्या ६० टक्के अनुदान दिले. तिसऱ्या किलोवॅटची किंमत ४५,००० रुपये धरली व त्याच्या ४० टक्के दिले. या हिशेबाने तीन किलोवॅटचा संच १,४५,००० रुपयांचा होतो आणि कुटुंबाच्या पदरचे ६७,००० रुपये जातात. बाजारातील प्रत्यक्ष किंमत याहून अधिक असू शकते, अनुदान मात्र तेवढेच राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हेही दरपत्रक घेताना ध्यानात ठेवावे.

अल्प वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी राज्य शासनाने २०२५ च्या उत्तरार्धात 'स्मार्ट' या नावाने आणखी एक योजना आणली. ती महिन्याला शंभर युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्यांच्या एक किलोवॅट संचासाठी आहे. केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याकडून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० रुपये आणि सर्वसाधारण ग्राहकाला १०,००० रुपये असे तिचे स्वरूप आहे. पन्नास हजारांच्या संचासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केवळ अडीच हजार रुपये भरावे लागतात. मात्र राज्यभरातील लाभार्थींची संख्या पाच लाखांपर्यंत मर्यादित आहे. ज्याला आधी कळेल तो आधी अर्ज करील. मग वाडीवस्तीवरच्या, भ्रमणध्वनी चार्ज करायलाही धडपडणाऱ्या कुटुंबाचा क्रमांक कधी लागणार? लोकशिक्षणाचा प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो.

दुसरी योजना शेतकऱ्याच्या पंपाची. केंद्राच्या २०१९ च्या 'पीएम कुसुम' योजनेवर आधारलेली राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरांपर्यंतच्या जमिनीला तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाच अश्वशक्तीचा आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा त्यातच येतो. विहीर, बोअर वा शेततळे असा पाण्याचा खात्रीचा स्रोत मात्र शेतकऱ्याजवळ असला पाहिजे. हा पंप थेट उन्हावर चालतो. रात्री चालत नाही, आणि ढगाळ दिवशी त्याची धार मंदावते. रात्री-अपरात्री साप-विंचवांच्या धास्तीने पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळणे हाच त्याचा मोठा लाभ आहे.

तिसरी 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०'. २०२३ मध्ये हाती घेतलेल्या या योजनेत वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्या परिसरातील शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. यासाठी खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर ठरला. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षांत पंधरा लाख रुपये मिळतात. येथे वैयक्तिक अर्जापेक्षा गावाच्या एकत्रित निर्णयाला अधिक महत्त्व आहे.

याखेरीज साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ करणारी 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना' २०२४ पासून आहे. तिचा सौर संचाशी थेट संबंध नाही. तथापि दोन्ही नावांत 'मोफत वीज' हे शब्द असल्याने पुष्कळ जण घराच्या छताची योजनाही तशीच बिलमाफीची समजतात.

'मोफत' म्हणजे काय?

'मोफत वीज' या शब्दांचा नेमका अर्थ समजावून सांगणे हे लोकशिक्षणाचे पहिले काम आहे. सूर्यघर योजनेत शासन वीज फुकट देत नाही. कुटुंब स्वतःच्या छतावर वीज तयार करते आणि शासन त्या संचाच्या खर्चातील काही भाग उचलते. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे वीज देतो. त्यासाठी साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. दुपारी तयार झालेली वीज घरात वापरली नाही, तर ती तारांतून बाहेर जाते. रात्री घराला लागते तेव्हा बाहेरून आत येते. दोन्ही दिशांची मोजणी करणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात. महिनाअखेर येणे-जाणे वजा होते आणि उरलेल्या युनिटांचे बिल येते. बाहेर गेलेली युनिटे अधिक असतील, तर ती पुढील महिन्यात जमा धरली जातात आणि ३१ मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब पूर्ण होतो. वापर शून्य झाला तरी स्थिर आकार भरावा लागतोच. हे आधी सांगितले नाही, तर पहिले बिल हाती पडताच ग्राहकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

कोणाला किती लाभ, हेही वापरावर अवलंबून आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांना एक दर आहे आणि शंभरापुढील युनिटांना जवळजवळ दुप्पट. त्यामुळे ज्या घरात महिन्याला दोनशे-अडीचशे युनिटे लागतात, तेथे संचाचा पैसा काही वर्षांत वसूल होतो. ज्या घरात साठ युनिटे लागतात, तेथे दोन वा तीन किलोवॅटचा संच कर्ज काढून बसविणे शहाणपणाचे नाही. अशा घराने एक किलोवॅटचाच आणि राज्याच्या वाढीव अनुदानासह विचार करावा. विक्रेता हे सांगेलच असे नाही, कारण मोठ्या संचावर त्याचा नफा मोठा असतो. नेमके येथेच तटस्थ सल्ल्याची गरज भासते.

आणखी एक समज दूर करावयास हवा. 'घरावर सोलर बसले की लाईट जाणार नाही' असे अनेकांना वाटते. अनुदानातील नेहमीचा संच वीजवाहिनीला जोडलेला असतो. वाहिनीतील वीज गेली की तोही तत्क्षणी बंद पडतो. हा संचातील दोष नव्हे. तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराला छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून केलेली ही सुरक्षेची व्यवस्था आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरीची जोड लागते आणि तिचा खर्च वेगळा. ग्रामीण भागात भारनियमनाचा अनुभव असलेल्या कुटुंबाला ही गोष्ट पैसे भरण्याआधीच कळली पाहिजे.

'ऊन जितके कडक तितकी वीज अधिक' हेही अर्धसत्यच आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. ते तापले की त्याची क्षमता अंशा-अंशाने घटते. एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारपेक्षा थंडीतील स्वच्छ दुपार प्रत्येक प्रकाशकिरणामागे अधिक वीज देऊन जाते. माणमध्ये धुळीचा प्रश्नही मोठा आहे. पॅनेलवर धूळ साचली की वीज कमी होते. म्हणून सकाळी वा सायंकाळी, पॅनेल थंड असताना, थोड्या पाण्याने व मऊ कापडाने ती पुसावी. क्षारयुक्त पाणी तसेच वाळू दिल्यास काचेवर पांढरा थर बसतो. जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे हंडाभर पाण्याचा हिशेबही संच बसविण्यापूर्वी मांडावा लागतो.

अर्ज कोठे अडतो?

अर्जाची रीत कागदावर सोपी आहे. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करावी, नोंदणीकृत विक्रेता निवडावा, संच बसवून घ्यावा, महावितरणने तपासणी करून नेट मीटर लावावा आणि मग अनुदान थेट बँक खात्यात जमा व्हावे. २०२४ च्या आरंभी नोंदणीसाठी टपाल खात्याने पोस्टमन घरोघरी पाठविले, हा उपक्रम स्तुत्य होता. तथापि नोंदणी ही पहिली पायरी आहे. खरी अडचण त्यापुढे येते.

पहिली अडचण नावाची. खेड्यातील किती घरांचे वीजबिल आजही दिवंगत आजोबांच्या वा वडिलांच्या नावे येते! अर्ज ज्याच्या नावे वीजजोडणी आहे त्याच्याच नावे करावा लागतो आणि बँक खातेही त्याचेच लागते. त्यामुळे वारसाच्या नावे जोडणी करून घेणे हे पहिले काम ठरते. भावाभावांत घराची वाटणी कागदावर झालेली नसेल, तर छतावरचा हक्कही वादात सापडतो. विधवा भगिनींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण घर सासऱ्यांच्या नावे, जोडणी पतीच्या नावे आणि बिल भरणारी मात्र ती.

दुसरी अडचण पैशाची. अनुदान संच बसल्यानंतर मिळते, आधी नाही. तोवरचा पैसा कुटुंबानेच उभा करायचा असतो. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी राष्ट्रीयीकृत बँका तारणाविना, रेपो दराहून अर्धा टक्का अधिक अशा सवलतीच्या व्याजाने कर्ज देतात. हे माहीत नसल्याने कोणी सावकाराकडे जातो, तर कोणी विक्रेत्याच्या महाग हप्त्यांना मान्यता देतो.

तिसरी अडचण छताची. पक्क्या स्लॅबवर संच सहज बसतो. पत्र्याचे छतही चालते, पण ते वाऱ्याचा व वजनाचा भार पेलण्याइतके मजबूत असले पाहिजे. कुडाच्या वा जीर्ण छपराच्या घराला ही योजना आज उपयोगी पडत नाही. म्हणजे सर्वांत गरीब घर सर्वांत शेवटी राहते. अशांसाठी सार्वजनिक इमारतीवर वा गावाच्या जागेवर सामायिक संच हा विचार ग्रामसभेत मांडता येतो. प्रत्येक जिल्ह्यातील एका आदर्श सौरग्रामाला एक कोटी रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूदही याच योजनेत आहे.

चौथी अडचण फसवणुकीची. सौर पंपाच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणी शुल्क उकळण्याचे प्रकार देशभर घडले, आणि केंद्रीय मंत्रालयाने त्याविषयी वेळोवेळी इशारे दिले. म्हणून काही नियम प्रत्येकाने पाळावेत. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे भरू नयेत. विक्रेत्याचे नाव पोर्टलवरील यादीत आहे की नाही, हे पाहावे. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीच्या सौरघटांचे असावे लागते. त्याचे प्रमाणपत्र मागावे. पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी लेखी करारात घ्यावी. शंका असल्यास योजनेच्या १५५५५ किंवा वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर विचारावे.

माणने आधी शिकवलेले धडे

७५,०२१ कोटींच्या तरतुदीत क्षमतावर्धन, जनजागृती आणि प्रसार यांसाठी ६५७ कोटी रुपये ठेवले आहेत. म्हणजे शंभर रुपयांत एक रुपयाही नाही. शिवाय हद्दीत बसणाऱ्या प्रत्येक संचामागे स्थानिक स्वराज्य संस्थेला एक हजार रुपये देण्याची सोय केली आहे. ग्रामपंचायतीला ही रक्कम मिळते, हे गावात किती जणांना ठाऊक असेल? ती रक्कम एखाद्या सुशिक्षित तरुण-तरुणीला 'सौरमित्र' म्हणून मानधन देण्यासाठी वापरावी, असा ठराव ग्रामसभा करू शकते.

भिंतीवर लावलेला फलक, दूरचित्रवाणीवरील जाहिरात यांनी योजनेचे नाव कळते. पण बिलावरचे नाव कसे बदलावे, कर्जाचा हप्ता वाचलेल्या बिलातून फिटेल का, हे फलक सांगत नाही. त्यासाठी ओळखीचा, विश्वासाचा मनुष्य लागतो. माणच्या भूमीतच याची दोन ठळक उदाहरणे आहेत.

म्हसवडमधील माणदेशी महिला सहकारी बँक हे पहिले. श्रीमती चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने ही बँक उभी राहात असताना पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या महिला खचल्या नाहीत. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी त्यांनी दर्शविली. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. पुढे त्याच कार्यातून महिलांसाठी बसमधून फिरणारी उद्योगशाळा आणि म्हसवडचे सामुदायिक नभोवाणी केंद्र उभे राहिले. बिल, व्याज, हप्ता हे विषय खेड्यातील स्त्रीला समजणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना माणने दिलेले हे उत्तर आहे. सौर योजनेचे शिक्षणही याच वाटेने जावे. घरातील विजेचा वापर स्त्रीला अधिक ठाऊक असतो, म्हणून बैठक पुरुषांच्या पारापुरती न राहता बचत गटात झाली पाहिजे.

दुसरे उदाहरण पाण्याचे. पाणी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडी राज्यात पहिली आली आणि भांडवली हे माणचेच गाव दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत होते. या यशाचे बीज प्रशिक्षणात होते. गावातील निवडक स्त्री-पुरुषांनी दुसऱ्या गावी जाऊन चर कसे खणायचे, उतार कसा मोजायचा, हे हाताने शिकून घेतले आणि मग परतून आपल्या शेजाऱ्यांना शिकवले. बाहेरच्या तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा शेजाऱ्याच्या हाताने केलेल्या कामावर लोकांचा विश्वास बसला. सौर योजनेसाठीही प्रत्येक गावात आधी एक-दोन घरांवर नीट बसविलेला संच, त्या घराची आधीची व नंतरची बिले आणि ती दाखवायला तयार असलेली गृहिणी, एवढे जमले तरी शंभर पत्रकांचे काम होईल.

याच जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी या सुमारे शंभर उंबऱ्यांच्या गावाने २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम होण्याचा मान मिळविला. ग्रामस्वच्छतेच्या अभियानांत हे गाव आधीपासूनच नावाजलेले होते. एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय गावाला होती. सौरऊर्जेने त्या सवयीचा लाभ घेतला. पाटण हा पावसाचा तालुका. तेथे जे घडले, ते ऊन ओसंडणाऱ्या माणमध्ये घडायला निसर्गाची आडकाठी नाही.

मात्र लोकशिक्षणाने लाभाबरोबर धोकेही सांगितले पाहिजेत. सौर पंपाला बिल येत नाही, म्हणून तो दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो. ज्या भूमीत टाकेवाडीसारख्या गावांनी घाम गाळून पाणी जिरवले, तेथे ते फुकटच्या उर्जेने उपसून काढले, तर दोन्ही कष्ट वाया जातील. पंपासोबत ठिबक आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद ही शिकवणी हवीच. तसेच सौर वाहिनीसाठी गायरान जमीन देताना मेंढपाळ बांधवांना विचारले पाहिजे. माणमधील कित्येक कुटुंबांची उपजीविका शेळ्या-मेंढ्यांवर आहे. त्यांचे कुरण पॅनेलखाली गेले आणि पंधरा लाख ग्रामपंचायतीला मिळाले, तर हा विकास कोणाच्या पदरचा, हा प्रश्न ग्रामसभेत उघडपणे चर्चिला जावा.

आपण काय करू शकतो?

सातारा आणि सांगली हे जिल्हे पुणे धर्मप्रांताच्या विस्तारात येतात. माणमध्ये आपल्या समाजाची वस्ती विरळ असली, तरी या परिसराशी आपले नाते आहेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढून सृष्टीची काळजी आणि गरिबांची काळजी यांचा एकत्र विचार मांडला. व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छतावर तर २००८ मध्येच सौर पॅनेल बसले होते, आणि जून २०२४ मध्ये 'फ्रातेल्लो सोले', म्हणजे 'बंधू सूर्य', या पत्राद्वारे पोप फ्रान्सिस यांनी रोमजवळ शेतजमिनीवर सौर प्रकल्प उभारण्याचा निर्णय घेतला. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या भावनेतून आलेले हे नाव आहे.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. सूर्यघर योजनेचे अनुदान राहत्या घरांसाठी आहे. चर्च, शाळा, वसतिगृह यांच्या इमारतींना ते लागू होत नाही. गृहनिर्माण संस्थांना मात्र सामायिक दिवे, पाण्याचा पंप, उद्वाहक यांसाठी प्रत्येक किलोवॅटला १८,००० रुपये मिळू शकतात. शहरी धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे अशा संस्थांत राहतात. त्यांनी आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत हा विषय आवर्जून मांडावा.

धर्मग्रामाने करण्याजोगे कार्य मोठ्या खर्चाचे नाही. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर 'बिल वाचन' ठेवावे. प्रत्येकाने आपले वीजबिल आणावे आणि जाणत्या तरुणांनी त्यातील वर्षभराचा वापर, मंजूर भार, जोडणीचे नाव समजावून सांगावे. ज्यांच्या नावाचा प्रश्न आहे, त्यांचे अर्ज तेथेच भरून द्यावेत. धर्मभगिनींच्या बचत गटांनी कर्जाचा हिशेब मांडून दाखवावा. शाळेतील विद्यार्थ्यांना घरच्या बिलाचा आलेख काढण्याचा गृहपाठ द्यावा. मुलाने काढलेला आलेख आईबापांच्या नजरेतून सुटत नाही. हे सर्व कोणत्याही जातिधर्माच्या शेजाऱ्यासाठी खुले असावे, आणि त्यात कोणत्याही विक्रेत्याची शिफारस नसावी. विश्वास हेच या कार्याचे भांडवल आहे. ते एकदा गमावले, तर पुढची चांगली योजनाही लोक संशयाने पाहतील.

पूर्वी सौर कंदील आले, सौर पथदिवे आले. बॅटरी संपली आणि दुरुस्तीला कोणी फिरकले नाही, म्हणून त्यांतील कित्येक खांबांवर नुसतेच लटकत राहिले. लोकांच्या मनातील अविश्वासाला अशी कारणे आहेत, आणि त्यांची दखल घेतल्यावाचून नव्या योजनेची भलावण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संच बसल्यावर वर्षभराने पुन्हा त्या घरी जाऊन तो चालतो की नाही, बिल किती आले, देखभालीला माणूस आला का, हे विचारणे हाही लोकशिक्षणाचाच भाग मानावा.

अनुदानाची मुदत आखलेली आहे आणि राज्याच्या वाढीव साहाय्याला संख्येची मर्यादा आहे. अशा वेळी माहिती आधी कोणाला मिळते, यावर लाभ कोणाला मिळणार हे ठरते. आपल्या परिचयातील ज्या घरी बिल अजून दिवंगत माणसाच्या नावे येते, जेथे म्हातारी एकटी राहते, जेथे भ्रमणध्वनीवरचा अर्ज भरायला कोणी नाही, अशा घराकडे आपण या महिन्यातच जावे आणि ते बिल हाती घेऊन वाचून दाखवावे, अशी आमची सर्व वाचक बंधुभगिनींना विनंती आहे.